मंगोल साम्राज्य: एका घराण्याची सामायिक मिळकत

प्रश्न थोडक्यात असा आहे: मंगोलांनी अर्धं जग कसं जिंकलं हे सगळे सांगतात, पण मूठभर भटक्या पशुपालकांनी कोरियापासून काळ्या समुद्राच्या पलीकडे पसरलेला मुलूख चालवला कसा? नुसत्या दहशतीवर? आणि एवढं उभं केलेलं साम्राज्य पन्नास-पंचावन्न वर्षांत फुटलं का? सोबत एक उपप्रश्न आहे: हिंदुस्थान त्यांच्या तडाख्यातून वाचला कसा?

मध्ययुगीन आशियाचा इतिहास शिकवताना हे तिन्ही प्रश्न मला दरवर्षी वेगवेगळे विचारले जातात. माझ्या मते त्यांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. मंगोल साम्राज्य खानाच्या मालकीचं नव्हतं, ते चंगीझखानाच्या घराण्याचं होतं. एकत्र कुटुंबाची जमीन जशी कर्त्याच्या नावावर असते पण हिस्सा सगळ्या भावांचा असतो, तसा हा कारभार होता. सगळ्यांचा हिस्सा आहे म्हणून सगळे लढायला येत, मोजणी होई, हिशेब ठेवला जाई. आणि सगळ्यांचा हिस्सा आहे म्हणूनच भाऊबंदकी अटळ होती.

आधी आकडे. १२२७ साली चंगीझखान वारला तेव्हा मंगोल फौज १,२९,००० होती, असं रशीदुद्दीन या इराणच्या वजिराने पुढे लिहून ठेवलं. साऱ्या मंगोलांची लोकसंख्या तेव्हा सात ते दहा लाखांच्या घरात असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे मुंबईच्या दोन-तीन उपनगरांत मावतील एवढी माणसं. रशीदुद्दीनच्या याच हिशेबातली पुढची ओळ मात्र फार कमी लोक वाचतात. त्या फौजेपैकी १,०१,००० माणसं धाकटा मुलगा तोलुई याच्या वाट्याला गेली, कारण गवताळ प्रदेशाच्या रिवाजाप्रमाणे बापाची चूल धाकट्याकडे राहते. खानपद मात्र तिसरा मुलगा ओगदेई याला मिळालं. गादी एकाकडे, फौज दुसऱ्याकडे! रशीदुद्दीन स्वतः तोलुईच्या वंशजांचा नोकर होता, तेव्हा आकड्यात थोडी धन्याची तळी उचललेली असणार. तरी मूळ चित्र खरं आहे, आणि पुढच्या साऱ्या भांडणाचं बी त्यात आहे.

चंगीझखानाचं खरं कर्तृत्व लढायांच्याही आधीचं आहे. १२०६ मध्ये ओनोन नदीच्या उगमाशी कुरुलताई, म्हणजे सरदारांची सभा भरली आणि तेमुजिनला चंगीझखान हा किताब मिळाला. तोवर त्याने तातार, केरेइत, नायमान अशा मोठ्या टोळ्या हरवल्या होत्या. टोळी हरवणं नवीन नव्हतं. हरलेली टोळी दुसऱ्या वर्षी पुन्हा डोकं वर काढायची, हे नेहमीचंच होतं. याने टोळ्याच मोडल्या. माणसं फोडून दहा, शंभर, हजार अशा तुकड्यांत मिसळून टाकली. ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ हा त्यांचा स्वतःचा वृत्तांत १२०६ साली अशा ९५ हजारी नेमल्याचं सांगतो. आपली तुकडी सोडून दुसरीकडे जाणाऱ्याला देहदंड. हजारींचे बरेच नायक भाऊबंदांतले नव्हते. त्यांत मेंढपाळ, लोहार, सुतार, कधीकाळचे शत्रू असे हरतऱ्हेचे लोक होते. शिवाय दहा हजारांचं खास रक्षकदल उभं राहिलं. त्यात नायकांचे मुलगे भरती होत. ते एकाच वेळी ओलीसही होते आणि उद्याचे अधिकारीही. खानाचा मुदपाकखाना, कळप, तंबू, लेखन ही सगळी कामं याच दलाकडे असत. पुढचं सरकार याच रक्षकदलातून वाढलं.

लिपी त्यांनी शेजारच्या तुर्की भाषिक उइघुरांची घेतली. नायमानांच्या पराभवात तातातुंगा नावाचा उइघुर मुद्राधारी हाती लागला, त्याला राजपुत्रांना लिहायला शिकवण्याच्या कामावर लावलं. चंगीझखानाला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण निवाडे आणि माणसांच्या वाटण्या निळ्या वहीत उतरवून ठेवायचा हुकूम त्याचाच. ही वही त्याचा मुख्य न्यायाधीश शिगी खुतुखु याच्याकडे होती. जिंकण्याची धामधूम चालू असतानाच माणसांच्या वाटणीची नोंद ठेवायला सुरुवात झाली होती, हे लक्षात घ्या.

वाटणी कशी झाली? आई होएलुन आणि धाकटा भाऊ ओतचिगिन यांना मिळून १०,००० माणसं, थोरला जोची याला ९,०००, चगताईला ८,०००, ओगदेई आणि तोलुई यांना पाच-पाच हजार, भाऊ खसार याला ४,०००. ही ‘गुप्त इतिहासा’तली यादी आहे, रशीदुद्दीनचे आकडे वेगळे पडतात. आईला आपला वाटा कमी वाटला, पण ती बोलली नाही. पुढे एका शामानाने, म्हणजे मांत्रिक-पुरोहिताने, चंगीझखानाच्या कानात भरवलं की खसार तुझ्या गादीवर टपला आहे. चंगीझखानाने भावाला बांधून घातलं. म्हातारी आई रातोरात गाडी जुंपून आली, मुलासमोर छाती उघडी टाकून तिने विचारलं, याच दुधावर तुम्ही दोघे वाढलात ना? खान ओशाळला, भावाला सोडलं. मग आईच्या नकळत खसारची माणसं काढून घेतली आणि त्याच्याकडे फक्त १,४०० ठेवली. आईला कळलं तेव्हा तिने हाय खाल्ली आणि ती लवकरच गेली, असं ‘गुप्त इतिहास’ सांगतो. जमीन-जुमल्याच्या वादातून झिजलेली घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या प्रसंगाचा अर्थ सांगावा लागत नाही.

आता दहशतीकडे येतो. ती टाळून मंगोलांचा इतिहास सांगणं हल्ली फॅशनमध्ये आहे. ‘मंगोल शांतता’, रेशीममार्ग, धर्मसहिष्णुता एवढंच सांगायचं आणि मर्व, निशापूरवरून हात फिरवायचा, हे मला मान्य नाही. १२१८ साली ओतरारच्या सुभेदाराने मंगोलांच्या काफिल्यातले सुमारे ४५० व्यापारी हेर ठरवून मारले आणि मध्य आशिया आणि इराणवर राज्य करणाऱ्या ख्वारझमच्या शाहाने त्याला पाठीशी घातलं. पुढच्या तीन वर्षांत बुखारा, समरकंद, उरगेंच, मर्व, निशापूर, हेरात ही शहरं एकामागून एक पडली. मर्वच्या मृतांचा आकडा अरब इतिहासकार इब्न अल-अथीर ७ लाख देतो, इराणी इतिहासकार जुवैनी १३ लाखांवर नेतो. एवढी माणसं त्या शहरात मावणारीच नव्हती, शेजारच्या गावांचे निर्वासित धरले तरी. पण आकडा फुगलेला आहे म्हणून घटना लहान होत नाही. १२५८ मध्ये बगदाद पडलं, त्यानंतर तोलुईचा मुलगा हुलागू याने फ्रान्सच्या राजाला पाठवलेल्या पत्रात स्वतःच दोन लाखांवर माणसं मारल्याची फुशारकी आहे.

मात्र या कत्तलीतही हिशेब होता. शहर पडलं की माणसं बाहेर मैदानात काढत, मोजत आणि निवडत. कारागीर एका बाजूला, तरुण पुरुष दुसऱ्या बाजूला. त्या तरुणांना पुढच्या शहराच्या तटावर सर्वांत पुढे हाकलत, म्हणजे वेढा पडलेल्यांचे बाण आपल्याच माणसांना लागत. समरकंदचे ३०,००० कसबी लोक चंगीझखानाने मुलांत आणि नातलगांत वाटून दिल्याचं जुवैनी लिहितो. विणकर, सोनार, लोहार, यंत्रं बांधणारे यांना हजारो मैल दूर मंगोलियात आणि उत्तर चीनमध्ये नेऊन वसवलं. मुलुखापेक्षा माणूस मोलाचा, ही भटक्या पशुपालकांची जुनी समज. जमीन कितीही पडलेली असते, तिच्यावर काम करणारे हात वाटून घ्यायचे असतात.

चीनमध्ये ही समज बदलावी लागली आणि ते काम खितान या जमातीच्या एका माणसाने केलं. येलू चुत्साई हा चिन राज्याचा, म्हणजे तेव्हा उत्तर चीनवर असलेल्या राज्याचा, अधिकारी. १२१५ मध्ये आजच्या बीजिंगच्या जागी असलेली चोंगदू ही राजधानी पडली आणि तीनेक वर्षांनी तो चंगीझखानाच्या चाकरीत आला, मुख्यतः ज्योतिषी म्हणून. ओगदेई गादीवर आल्यावर एका सरदाराने सुचवलं की उत्तर चीनमधले हे शेतकरी आपल्या काही कामाचे नाहीत, त्यांना हुसकून सगळी कुरणं करून टाकू. चुत्साईने दया-धर्माची गोष्टच काढली नाही. त्याने रक्कम सांगितली: जमीन, व्यापार, मीठ, दारू, लोखंड यांवर नीट कर बसवा, दरसाल ५ लाख औंस चांदी, ८०,००० ताके रेशीम आणि ४ लाख मापं धान्य आणून देतो. खानाने मुभा दिली. चुत्साईने दहा कर-कचेऱ्या उघडल्या. १२३१ साली वसूल झालेली चांदी आणि रेशीम खानासमोर मांडलं तेव्हा ओगदेई चकित झाला आणि सारं दफ्तर त्याच्या हाती सोपवलं. १२३३ मध्ये कैफेंग शहर पडलं. प्रतिकार केलेल्या शहराची कत्तल हा नियम होता, सुबुताई सेनापती तयारही होता. चुत्साईचा युक्तिवाद पुन्हा तोच: कारागीर आणि धनिक सगळे याच शहरात आहेत, ते मारलेत तर जिंकलंत काय? शहर वाचलं.

‘घोड्यावर बसून राज्य जिंकता येतं, चालवता येत नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडी सर्रास घातलं जातं. मूळ वाक्य त्याच्या चौदाशे वर्षं आधीचं, हान सम्राटाला त्याच्या दरबारी पंडिताने सुनावलेलं. चुत्साईने ते वापरलं असेलही. त्याच्या बाजूने बोलायला चांदीच्या लगडी होत्या, सुभाषिताची फार गरज नव्हती.

पण घराण्याच्या हिश्शांपुढे तोही अर्धाच जिंकला. १२३६ मध्ये ओगदेईने नव्या मोजणीच्या आधारावर उत्तर चीनमधली कुटुंबं भाऊबंदांना वाटून टाकली. चुत्साईचं म्हणणं होतं की असे शंभर मालक झाले तर रयतेची चामडी सोलली जाईल. तडजोड निघाली ती पाहण्यासारखी आहे. कर सरकारी अधिकारीच गोळा करतील. दर दोन कुटुंबांमागे एक शेर रेशीम सरकारला आणि दर पाच कुटुंबांमागे एक शेर त्या राजपुत्राला. राजपुत्राचा नेमलेला माणूस कचेरीत बसून फक्त आपला वाटा बरोबर येतो की नाही ते पाहील. हा पंचकुटुंबी रेशीमकर पुढे शंभर वर्षं टिकला.

चुत्साई स्वतः टिकला नाही. १२३९-४० मध्ये अब्दुर रहमान नावाच्या व्यापाऱ्याने उत्तर चीनच्या वसुलीचा मक्ता मागितला आणि ११ लाख औंसांच्या जागी २२ लाखांची बोली लावली. खानाने बोली मान्य केली. एवढी चांदी रयत आणणार कुठून, असं चुत्साई रडकुंडीला येऊन सांगत राहिला, कोणी ऐकलं नाही. मक्तेदार वसुलीला लागले आणि गावं ओस पडू लागली. चुत्साई वारल्यावर, याने इतकी वर्षं खजिना हाताळला तेव्हा घर भरलेलं असणार म्हणून झडती घेतली. निघाली दहा-बारा तंतुवाद्यं, पुस्तकं आणि चित्रं.

ओगदेईबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘गुप्त इतिहासा’च्या शेवटी त्याच्या तोंडी चार चांगली कामं आणि चार अपराध दिले आहेत. चांगल्या कामांत चिन राज्याचा पाडाव, डाकचौक्या, विहिरी आणि जिंकलेल्या शहरांतली ठाणी. अपराधांत दारू, काकाच्या प्रजेतल्या मुली पळवणं, एका निष्ठावंताचा खून. आणि चौथा? शिकारीची जनावरं भावांच्या हद्दीत जाऊ नयेत म्हणून आपण कुंपणं आणि भिंती घातल्या. मारलेल्या माणसांची मोजदाद त्या यादीत नाही, भावांकडे जाणारं हरीण अडवल्याची नोंद आहे. साम्राज्याच्या मालकीविषयी मंगोलांना काय वाटत होतं, हे मला इतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्याच कागदात दिसत नाही.

डाकव्यवस्थेचं कौतुक पुष्कळ झालं आहे, म्हणून थोडक्यात. ठरावीक अंतरावर चौक्या, घोडे, शिधा, आणि प्रवाशाकडे धातूची किंवा लाकडाची परवान्याची पट्टी. पोपचा दूत कार्पिनी १२४६ साली जोचीचा मुलगा बातू याच्या व्होल्गाकाठच्या छावणीतून ८ एप्रिलला निघाला आणि २२ जुलैला मंगोलांची राजधानी काराकोरमजवळच्या छावणीत पोचला, दिवसात पाच-सात वेळा घोडे बदलत. मात्र ही चौकी चालवणाऱ्या कुटुंबांना विचाराल तर कौतुक आटोपतं घ्यावं लागेल. घोडे त्यांचे, शिधा त्यांचा, आणि राजपुत्रांच्या मर्जीतले व्यापारीसुद्धा फुकट पाहुणचार उपटत. तोलुईचा मुलगा मोंगके खान याने १२५१ नंतर जुने परवाने रद्द केले आणि व्यापाऱ्यांना सरकारी घोडे बंद केले, ते याच तक्रारींमुळे.

मोंगके हाच माझ्या मते या साम्राज्याचा सर्वांत समर्थ प्रशासक. लोक त्याचा भाऊ कुबलाई याचं नाव घेतात, पण एकसंध साम्राज्य शेवटचं कोणी चालवलं असेल तर ते याने. आधीच्या खानाने व्यापाऱ्यांकडे केलेली उधारी, जुवैनीच्या मते चांदीच्या ५ लाख लगडी, याने फेडली. त्याला ती बुडवता आली असती, कोण विचारणार होतं! १२५२ पासून त्याने चीन, इराण, जॉर्जिया-आर्मेनिया आणि शेवटी रशियात शिरगणती करवली. त्या आधारे ऐपतीप्रमाणे डोईपट्टी बसली. धर्मगुरू, मठ, मशिदी यांना सूट होती, त्यांनी खानाच्या आयुष्यासाठी प्रार्थना करावी एवढीच अपेक्षा. सहिष्णुतेचा बराचसा भाग हा असा व्यवहार होता: देव कोणाचाही असो, शब्द आपल्यासाठी टाका. नोव्हगोरोद शहर मंगोलांनी कधी जिंकलं नव्हतं, तरी १२५७ ते १२५९ दरम्यान तिथेही मोजणीदार पोचले. लोक दंगा करायला उठले तेव्हा त्यांना दाबून मोजणी पुरी करून देणारा त्यांचाच राजा अलेक्झांडर नेव्स्की होता.

जिंकलेल्या मुलुखांच्या कारभारासाठी मोंगकेने तीन मोठ्या कचेऱ्या नीट बसवल्या. चीनसाठी महमूद यलवाच, मध्य आशियासाठी त्याचा मुलगा मसूद बेग, इराणसाठी अर्घुन आका. पहिले दोघे ख्वारझमचे मुसलमान, तिसरा ओइरात या मंगोल टोळीतला. प्रत्येक कचेरीत घराण्याच्या वेगवेगळ्या शाखांचे प्रतिनिधी बसत. कोणाच्या हिश्शातून किती गेलं यावर सगळ्यांची नजर. फौजही अशीच. १२३६ ची रशिया-हंगेरीची मोहीम निघाली तेव्हा प्रत्येक शाखेने आपला थोरला मुलगा धाडला. हुलागू इराणवर निघाला तेव्हा प्रत्येक शाखेच्या दर दहा माणसांमागे दोन माणसं त्याच्या सोबत गेली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. मूठभर मंगोलांनी राज्य चालवलं ते चिनी, खितान, उइघुर, ख्वारझमी, इराणी कारकुनांच्या हातांनी, आणि या कारकुनांवर नजर ठेवायला हिस्सेदार भाऊबंद होतेच.

आता फुटण्याकडे. भेगा पहिल्यापासून होत्या. हंगेरीच्या मोहिमेआधी रशियात मेजवानी झाली, त्यात जोचीचा मुलगा बातू याने पहिला पेला उचलला. ओगदेईचा मुलगा गुयुक आणि चगताईचा नातू बुरी यांचं डोकं फिरलं, हा कोण आमच्या आधी पिणारा, असं म्हणत दोघे उठून गेले. जोचीच्या जन्माबद्दल घराण्यात कुजबूज होतीच, म्हणजे खुन्नस जुनी होती. १२४१ च्या डिसेंबरात ओगदेई वारला. राणी तोरेगेनेने पाच वर्षं कारभार हाकून आपला मुलगा गुयुक याला १२४६ मध्ये खान करवलं. बातू त्या सभेला गेलाच नाही. १२४८ मध्ये गुयुक फौज घेऊन पश्चिमेकडे निघाला. तोलुईची विधवा सोरघाघतानी बेकी हिने बातूला गुपचूप निरोप धाडला की सावध राहा. गुयुक वाटेतच मेला. मग बातू आणि सोरघाघतानी यांची जोडी जमली आणि १२५१ मध्ये खानपद तिचा मुलगा मोंगके याच्याकडे आलं. पाठोपाठ ओगदेई आणि चगताईच्या शाखांतल्या कित्येकांना मारलं. बुरीला बातूच्या हवाली केलं, त्या मेजवानीचा हिशेब चुकता झाला.

१२५९ मध्ये सिचुआनच्या त्याओयू गडाच्या वेढ्यात मोंगके वारला, वारस न ठरवता. पुढच्या वर्षी त्याच्या दोन भावांनी दोन कुरुलताया भरवल्या. कुबलाईने चीनच्या सीमेवर कैपिंगला, अरिक बोके याने काराकोरमला. रिवाजाप्रमाणे अरिक बोकेची बाजू जास्त भक्कम होती. पण काराकोरम पोटाला चीनवर अवलंबून होतं. ओगदेईच्या काळात तिथे रोज ५०० गाड्या खाणं-पिणं येई, असं लिहिलेलं आहे. कुबलाईने गाड्या बंद केल्या. अरिक बोकेने धान्यासाठी चगताईचा नातू अलघू याला मध्य आशियात पाठवलं, त्याने मुलूख आणि धान्य दोन्ही गिळलं. १२६४ मध्ये अरिक बोके शरण आला. कुबलाईने विचारलं, आपल्या दोघांत खरं कोण होतं? त्याने उत्तर दिलं: तेव्हा आम्ही, आज तुम्ही.

पश्चिमेला याहून वाईट झालं. अझरबैजानची कुरणं जोचीच्या घराण्याची, असं त्यांचं म्हणणं होतं. मंगोल घोड्याचे खूर पोचतील तिथवरचा पश्चिम मुलूख चंगीझखानाने जोचीला तोडून दिला होता ना? हुलागूने तिथे आपलीच गादी मांडली. त्याच्या फौजेत जोचीच्या शाखेचे तीन राजपुत्र होते. एकाला जादूटोण्याच्या आरोपावरून मारलं, दुसरे दोघेही लवकरच गेले. १२६२ पासून हुलागू आणि जोचीच्या शाखेचा प्रमुख, बातूचा भाऊ बर्के उघड लढू लागले. बर्के मुसलमान झालेला होता आणि त्याने इजिप्तच्या ममलुकांशी, हुलागूच्या शत्रूंशी, दोस्ती केली. त्याआधीच, ३ सप्टेंबर १२६० रोजी ऐन जालुतला ममलुकांनी मंगोलांचा पराभव केला होता. त्या लढाईचं महत्त्व जरा फुगवलं जातं. हुलागू बहुतेक फौज घेऊन आधीच मागे गेला होता, कारण मोंगकेच्या निधनाची बातमी आणि सीरियातला तोकडा चारा. माणशी चार-पाच घोडे असलेल्या फौजेला गवत संपलं की सीमा संपते.

१२६९ मध्ये तलास नदीकाठी मध्य आशियातल्या शाखांनी समझोता केला: समरकंद-बुखाऱ्याच्या उत्पन्नाचे दोन तृतीयांश चगताईच्या शाखेच्या बराकला, उरलेला एक तृतीयांश कैदू आणि जोचीच्या शाखेला. कुबलाईला कोणी विचारलंही नाही. ओगदेईचा हा नातू कैदू १३०१ मध्ये मरेपर्यंत कुबलाईच्या घराण्याशी लढत राहिला. फुटल्यावर प्रत्येक तुकडा आपापल्या मातीत मुरला. कुबलाईने १२७१ मध्ये युआन हे चिनी राजवंशाचं नाव घेतलं, १२७९ पर्यंत दक्षिण सुंग राज्य संपवलं. इराणचा गाझान खान १२९५ मध्ये मुसलमान झाला. देवाणघेवाण मात्र चालू राहिली. श्यांगयांगचा पाच वर्षं न फुटलेला तट १२७३ मध्ये कोसळला तो इराणहून आलेल्या इस्माईल आणि अलाउद्दीन या यंत्रकारांच्या दगडफेकी यंत्रांमुळे. उलट दिशेने चीनची कागदी नोट इराणला गेली. १२९४ मध्ये तब्रीझच्या बाजारात गैखातू खानाने नोटा सक्तीच्या केल्या. व्यापाऱ्यांनी दुकानांना कुलपं लावली आणि दोनेक महिन्यांत नोटा गुंडाळाव्या लागल्या.

हिंदुस्थान का वाचला? १२२१ मध्ये ख्वारझमच्या शाहाचा मुलगा जलालुद्दीन याचा पाठलाग करत चंगीझखान सिंधूपर्यंत आला. जलालुद्दीनने घोड्यासह नदीत उडी टाकून पैलतीर गाठला. दिल्लीच्या अल्तमशने त्याला आसरा द्यायचं सौजन्याने टाळलं. पाठलागावर गेलेली मंगोल तुकडी मुलतानहून उन्हाने बेजार होऊन परतली. ऊन आणि चारा ही कारणं खरी आहेत, पण पुढच्या शंभर वर्षांसाठी ती पुरत नाहीत, कारण मंगोल पुन्हा पुन्हा आले. १२४१ मध्ये लाहोर लुटलं गेलं. बर्के-हुलागू वैर पेटलं तेव्हा हुलागूच्या फौजेतले जोचीच्या बाजूचे काही सैनिक पळून गझनीकडे आले आणि तिथून सरहद्दीवर धाडी घालू लागले. १२९० च्या दशकात ही टोळी चगताई घराण्याच्या ताब्यात गेली आणि कुतलुघ ख्वाजा तिला घेऊन १२९९ मध्ये थेट दिल्लीजवळ कीलीला आला. अलाउद्दीन खिलजीचा सेनापती झफरखान तिथे पडला, पण मंगोल परत गेले. १३०३ मध्ये मंगोल सरदार तरघी आला तेव्हा अलाउद्दीन नुकताच चितोडहून परतला होता, दुसरी फौज वरंगळच्या फसलेल्या मोहिमेत अडकलेली. दोनेक महिने तो सिरीच्या मैदानात खंदकांआड बसून राहिला. त्यानंतर त्याने तट बांधले, मोठी खडी फौज ठेवली आणि ती कमी पगारात पोसता यावी म्हणून दिल्लीत धान्याचे आणि घोड्यांचे भाव बांधून दिले, असं दिल्लीचा इतिहासकार बरनी सांगतो. हा पैसा कुठून यायचा याचं एक उत्तर आपल्याकडे आहे. १२९६ मध्ये रामदेवराय यादवाच्या देवगिरीवरून नेलेल्या लुटीवर त्याने गादी मिळवली होती. १३०७-०८ मध्ये मलिक काफूर पुन्हा देवगिरीवर आला तो थकलेल्या खंडणीसाठी. वायव्येच्या मंगोल संकटाची झळ दख्खनच्या खजिन्यांना अशी लागली.

तरी दिल्ली उभी राहिली ती केवळ अलाउद्दीनमुळे नाही. तिच्यावर चालून येणारे चगताई स्वतः कोंडीत होते. पूर्वेला कुबलाईचे वंशज, पश्चिमेला इराणचे इल्खान, म्हणजे हुलागूचे वंशज, दोन्हीकडे भाऊबंद आणि दोन्हीकडे वैर. सगळ्या शाखांची माणसं जोडून जी फौज बगदादवर गेली, तशी फौज हिंदुस्थानवर कधीच आली नाही.

एवढं सगळं होऊनही हिस्सा कोणी सोडला नाही. १३०४ च्या सुमारास सगळ्या शाखांत तह झाला. १३०५ मध्ये इराणच्या उलजाइतूने फ्रान्सच्या राजाला पत्र लिहिलं की पंचेचाळीस वर्षं भांडणाऱ्या आम्हा चंगीझखानाच्या वंशजांचा आता समेट झाला आहे. हे पत्र आजही फ्रान्समध्ये आहे. तहानंतर जुन्या वह्या पुन्हा उघडल्या. शंभर वर्षांपूर्वी ओगदेईने वाटलेल्या चिनी कुटुंबांपैकी शान्शीतलं पिंगयांग जोचीच्या घराण्याकडे होतं. १३३६ मध्ये जोचीच्या वंशातला उझबेग खान, जो व्होल्गाकाठी राहत होता आणि कट्टर मुसलमान होता, त्याने वकील पाठवून पिंगयांगचा थकलेला वाटा मागितला, ठाण्यांच्या खर्चासाठी. दादू (आजचं बीजिंग) या युआन राजधानीतल्या दरबाराने मागणी धुडकावली नाही. १३३९ मध्ये त्या वसुलीसाठी वेगळी कचेरी नेमली. तिला फार वर्षं मिळाली नाहीत. १३६८ मध्ये मिंग फौजा दादूत शिरल्या आणि शेवटचा युआन बादशहा उत्तरेच्या गवताळ प्रदेशात निघून गेला.